'किर्लोस्कर खबर' : जाहिरातीपलीकडील प्रसिद्धीचा एक मराठी प्रयोग

प्रस्तावना
उद्योगाची प्रसिद्धी म्हणजे वृत्तपत्रातील जाहिरात, असे समीकरण सर्वसाधारणपणे मांडले जाते. तथापि, ग्राहकाला विकत घ्या असे थेट न सांगता त्याच्या उपयोगाचे काही देऊन त्याचा विश्वास संपादन करण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. अमेरिकेतील जॉन डिअर या नांगर बनविणाऱ्या कंपनीने १८९५ मध्ये 'द फरो' हे शेतीविषयक नियतकालिक सुरू केले. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर-उत्पादक कंपनीने १९०० मध्ये मोटारचालकांसाठी प्रवास-मार्गदर्शिका काढली. महाराष्ट्रात याच स्वरूपाचा प्रयोग किर्लोस्करवाडी येथे झाला. प्रस्तुत निबंधात त्याचा उद्योगेतिहासाच्या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी
लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगाव येथे सायकलींच्या दुकानापासून व्यवसायास प्रारंभ केला. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांच्या उत्पादनाकडे वळले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींच्या साहाय्याने त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील माळरानावर कारखाना व वसाहत उभारली. हीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते, या समजुतीमुळे आरंभी शेतकरी नांगर घेण्यास धजत नव्हते, असे या उद्योगाच्या इतिहासात सांगितले जाते. येथे अडचण मालाची माहिती नसण्याची नव्हती. ती अविश्वासाची होती. अविश्वास केवळ जाहिरातीने दूर होत नाही. त्यासाठी दीर्घकाळ संवाद राखावा लागतो.

खबरपत्र ते मासिक
चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची व त्याच्या मालाची वार्ता देणाऱ्या या पत्रात हळूहळू सर्वसामान्य वाचकाच्या आवडीचा मजकूर वाढत गेला. १९२९ मध्ये 'खबर' हा शब्द गळून मासिकाचे नाव 'किर्लोस्कर' झाले. नावातील हा बदल सूचक आहे, कारण उत्पादकाचे नाव कायम राहिले आणि खबरपत्राची ओळख मागे पडली. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' या भगिनी मासिकांची भर पडली. विनायक दामोदर सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे लेख 'किर्लोस्कर'मधून प्रसिद्ध झाले. 'स्त्री'ने स्त्रीजीवनातील प्रश्नांच्या चर्चेस व्यासपीठ दिले.

विवेचन
या मासिकांना केवळ प्रच्छन्न जाहिरात म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्यांचा उगम व्यापारी गरजेत होता, हे विसरणेही इतिहासाला धरून होणार नाही. वस्तुतः दोन्ही हेतू परस्परपूरक होते. रूढी सोडून विवेकाने वागणारा वाचक हा समाजसुधारकाला जसा हवा होता, तसाच लोखंडी नांगर विकणाऱ्या कारखानदारालाही हवा होता. सुधारणेचा विचार आणि यंत्राची बाजारपेठ यांचा असा मेळ बसल्यामुळेच मासिकाला मालाच्या विक्रीपलीकडे स्वतंत्र आयुष्य लाभले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या प्रश्नाला अभ्याससाधनांचीही एक बाजू आहे. अनेक ग्रंथालयांत जुन्या मासिकांची बांधणी करताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत होती. परिणामी कथा, कविता व लेख उरतात; मात्र त्यांच्या शेजारी कोणती वस्तू कोणत्या शब्दांत विकली जात होती, याचा पुरावा नष्ट होतो. साहित्याचा अभ्यासक मजकूर वाचतो, वाणिज्याचा अभ्यासक ताळेबंद पाहतो. या दोहोंना जोडणारे पान मात्र कोणाच्याच हाती लागत नाही.

निष्कर्ष
'किर्लोस्कर खबर'च्या उदाहरणावरून असे दिसते की, जाहिरातीपलीकडील प्रसिद्धी टिकते ती वाचकाला स्वतंत्र मूल्य असलेले काही दिल्यानेच. मात्र हे देणे व्यापारापासून अलिप्त होते असे मानू नये. मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिताना उद्योगाचा, आणि उद्योगाचा इतिहास लिहिताना नियतकालिकांचा आधार घेणे आवश्यक आहे. त्यासाठी आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांतील जुने अंक जाहिरातींच्या पानांसह जतन करणे, हे पहिले पाऊल ठरेल.