फवारणीच्या वाटेतले कोळी

डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव ही नावं आज पुण्यात फारशी कुणाला आठवत नाहीत. मुंबई प्रांताच्या आरोग्य खात्यातल्या या हिवतापतज्ज्ञांनी १९४६ च्या सुमारास कारवार-धारवाडकडच्या खेड्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून पाहिलं आणि हिवताप ओसरला. त्या काळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९६५ च्या आसपास रुग्णांची संख्या लाखावर आली. या यशाला आज नाकं मुरडणं सोपं आहे, पण ते कृतघ्नपणाचं होईल. राव पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झाले.

मोहिमेत मोजले जात ते डास आणि रुग्ण. डास खाणाऱ्यांचं नाव त्या हिशेबात नव्हतं.

ते नाव घेणारा माणूसही पुण्यातच होता. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५९ मध्ये पुण्यात सुरू झालं आणि बी. के. टिकादार यांनी इथे वर्षानुवर्षं कोळ्यांचा अभ्यास केला. मल्होत्रा यांच्यासोबत १९८० मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या एका कोळ्याचं नावच ‘लायकोसा पूनाएन्सिस’. जाळं न विणता जमिनीवर धावून भक्ष्य पकडणाऱ्यांच्या कुळातला हा कोळी. टिकादार यांची भारतीय कोळ्यांवरची हस्तपुस्तिका १९८७ मध्ये आली. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, शेतीत डीडीटी वापरायला देशात बंदी झाली. डासांसाठी मात्र ते चालूच राहिलं.

डीडीटी काय किंवा पायरेथ्रॉइड काय, ही औषधं कीटकांच्या मज्जातंतूंवर घाव घालतात, आणि कोळ्याचे मज्जातंतू काही वेगळ्या घडणीचे नाहीत. मात्रा कमी असेल तर तो मरत नाही, पण जाळं बिघडतं. सामू आणि व्होलरथ या संशोधकांनी १९९२ मध्ये कीटकनाशकांचे असे परिणाम ताडण्यासाठी कोळ्याचं जाळंच मोजपट्टी म्हणून वापरलं. जाळं नीट पडलं नाही की शिकार कमी, आणि शिकार कमी की अंडीही कमी.

नदीकाठच्या कोळ्यांना विष आणखी एका वाटेने मिळतं. टेट्राग्नाथा नावाचे लांब जबड्यांचे, काटकुळे कोळी पाण्यालगतच्या गवतात जाळं विणतात. त्यांचं खाद्य म्हणजे गाळात अळी म्हणून वाढलेले आणि पंख फुटताच वर आलेले चिलटांसारखे कीटक. गाळात मुरलेलं रसायन या कीटकांच्या अंगातून काठावर चढतं. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या पाण्यात पीसीबी हे औद्योगिक रसायन साचलं होतं. तिथे काठावरच्या कोळ्यांच्या शरीरात ते सापडलं आणि तेव्हापासून हे कोळी प्रदूषण ओळखण्यासाठी वापरले जातात. पीसीबी हे कीटकनाशक नव्हे, पण डीडीटीप्रमाणेच ते सहज विघटित न होता चरबीत साठतं.

मुळा-मुठेला हे सगळं लागू पडतं. मावळ-मुळशीच्या भातखाचरांतून पावसाचं पाणी वाहत खाली येतं, शहरात सांडपाणी मिसळतं, जलपर्णी माजते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीकडे नदीवर उठलेल्या डासांच्या वावटळीसारख्या थव्यांची चित्रफीत देशभर फिरली. असे थवे दिसले की औषधाच्या धुराची मागणी होते. धुरात मॅलॅथिऑन असो की पायरेथ्रम, काठच्या गवतातला कोळी त्यातून सुटत नाही. उलट कीटकांची पुढची पिढी अनेकदा कोळ्यांच्या आधी भरून निघते, कारण तिची वाढ झपाट्याची असते.

धूर हा तातडीचा उपाय म्हणून ठीक. थवे सांडपाण्यातून आणि जलपर्णीतून येतात, तिथे हात घातल्याशिवाय ते थांबणार नाहीत. आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे आणि शहरात प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालयंही भरपूर आहेत. दर पावसाळ्यानंतर संगमापासून मांजरीपर्यंतच्या काठावरची जाळी मोजणं त्यांना सहज जमेल. महापालिकेने ही मोजणी त्यांच्याकडून करून घ्यावी आणि फवारणीचं वेळापत्रक ती पाहूनच ठरवावं.