खडूच्या डोंगरातली नदी

पाऊस पडला की नदी गढूळ होणार, यात सांगण्यासारखं काय? आम्हा कोकणवाल्यांना तर पहिल्या पावसाचं लाल पाणी आणि चढणीचे मासे एकदमच आठवतात. त्यामुळे इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या टेस्ट आणि इचेन या नद्यांबद्दल वाचताना जरा चक्रावलोच. जोराचा पाऊस होऊन गेला तरी तिथलं पाणी बहुधा नितळच! (मी उभ्या जन्मात ट्राउट पकडलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.)

कारण जमिनीत आहे. तिथले डोंगर खडूच्या दगडाचे. पाऊस आत मुरतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी झऱ्यांतून गाळून बाहेर येतो, तोही साधारण १० अंशांचा. म्हणजे हिवाळ्यातला पाऊस नदीला मिळतो वसंतात. याउलट स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरी नद्या. मार्चमध्ये मोठा पाऊस झाला की काही तासांत फुगतात, कोऱ्या चहाच्या रंगाच्या होतात. ट्राउट मग मुख्य धार सोडून काठाशी नाहीतर तळाशी दडून बसतो. तिथे वर तरंगणारी 'माशी' (गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा) काय कामाची? ती बुडवावीच लागते.

एवढं पुराण लावायचं कारण म्हणजे फ्रेडरिक हॅलफर्ड. या गृहस्थांनी १८८६ आणि १८८९ मध्ये पुस्तकं लिहून तरंगत्या माशीचं शास्त्र मांडलं. नितळ पाण्यात मासा हेरायचा, तो खायला वर आला की नेमकी त्याच्यापुढे माशी सोडायची. उत्तमच. पण पुढे या युक्तीचा धर्म झाला. बुडती माशी वापरणारा जवळजवळ असभ्य! आमच्या धंद्यात म्हणतात ना, "माझ्या मशीनवर तर चालतंय"... त्यातलाच प्रकार.

जी. ई. एम. स्क्यूज हे वकील त्याच इचेनवर मासे धरायचे. ट्राउट बरंचसं पाण्याखालीच खातो, मग माशीही तिथेच का नको, असं त्यांनी १९१० च्या पुस्तकात अगदी सौम्यपणे सुचवलं. तरी भांडण मिटेना. फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा भरली. हॅलफर्ड जाऊन तेव्हा २४ वर्षं होत आली होती आणि स्क्यूज होते ७९ वर्षांचे. त्याच वर्षी त्यांनी इचेनवरची अ‍ॅबट्स बार्टनची आपली जागा सोडली. १८८३ पासून ते तिथे जात होते. पंचावन्न वर्षं! वादात कोण बरोबर, यापेक्षा मला तेच जास्त लागलं.