पदकाच्या कडेवरील अक्षरे

आमच्या घरी माझ्या पणजोबांचे एक पदक आहे. त्याच्या एका बाजूस पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस उघड्या अंगाचा घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ ही दोन साले. या घोडेस्वारावरून घरात एक कथा रुजली होती. पणजोबा रिसाल्यात होते आणि मेसोपोटेमियात घोड्यावरून लढले, असे आजी सांगत असे. आम्ही मुलांनी त्यावर कधी शंका घेतली नाही. इंग्लंडला स्थायिक झाल्यावर हे पदक माझ्याकडे आले, आणि लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात कोणालाही विनामूल्य प्रवेश मिळतो हे समजल्यावर मी शोधास लागलो.

कथेचा पहिला बुरूज अभिलेखागाराचे दार ओलांडण्यापूर्वीच ढासळला. हा घोडेस्वार पहिल्या महायुद्धानंतर दिल्या गेलेल्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’च्या प्रत्येक नाण्यावर आहे. पायदळ, नौदल, रिसाला, सर्वांसाठी चित्र तेच. पदक ओळखायचे ते चित्रावरून नव्हे, तर धातूवरून आणि कडेवरून. लढणाऱ्या सैनिकांस हे पदक चांदीचे मिळाले. चिनी, माल्टी, भारतीय अशा मजूर तुकड्यांस आणि सैन्यासोबतच्या बिगरलढाऊ माणसांस ते कांस्याचे मिळाले. आमचे पदक कांस्याचे आहे. इतकी वर्षे ते काळवंडलेली चांदी समजून चिंचेने घासले जात होते. कडेवर बारीक अक्षरांत एक क्रमांक, पणजोबांचे नाव, आणि पदाच्या जागी ‘फॉलोअर’ असे कोरलेले आहे.

फॉलोअर म्हणजे पलटणीसोबत जाणारा स्वयंपाकी, पखालवाला, खेचरवाला, डोलीवाला, झाडूवाला. बंदूक हाती नसलेला, पण तोफेच्या माऱ्यातून न सुटलेला माणूस. यातही कोणते काम कोणाच्या वाट्यास यावयाचे हे जातीवरूनच ठरे. पाण्याची पखाल आमच्या माणसाच्या खांद्यावर कोणी दिली नसती, हे वेगळे सांगावयास नको.

मग प्रश्न उरतो तो असा, की ज्या घरात ‘आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी होती’ असे सांगितले जाते, त्या घरातील मुलगा १९१६ च्या सुमारास सैन्यात फॉलोअर म्हणून का जातो? याचे उत्तर पदकावर नाही, तारखांत आहे. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. अठराव्या शतकापासून ते पलटणींत भरती होत, सुभेदारपदापर्यंत चढत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महू येथील छावणीत झाला. त्यानंतर दोनेक वर्षांतच, ‘लढाऊ जमाती’च्या नव्या सिद्धांताच्या आधारे, महारांची भरती बंद करण्यात आली. ज्यांच्या बापआज्यांनी पेन्शन घेतले, त्यांच्या मुलांना त्याच छावणीच्या फाटकावरून परत पाठविले गेले. सेवानिवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली यासाठी अर्जाचा मसुदा केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा अर्ज केला. हे अर्ज आपण सामाजिक चळवळीचे दस्तऐवज म्हणून वाचतो. वंशावळीच्या शोधातही ते महत्त्वाचे आहेत, कारण आपल्या लोकांनी आपली सेवा आपल्याच शब्दांत नोंदविली अशी ठिकाणे फार थोडी. १९१७ मध्ये युद्धाची निकड भासताच १११ महार ही पलटण उभी राहिली, १९२० मध्ये ती ७१ पंजाबी पलटणीत विलीन झाली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंटसाठी १९४१ उजाडावे लागले. माझे पणजोबा दोन बंद दारांमधल्या काळात तरुण होते.

जे वाचक असा शोध घेऊ इच्छितात त्यांनी एक अपेक्षा आधीच सोडून द्यावी. लंडनमध्ये ‘आपली फाईल’ नसते. ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी, गोऱ्यांचे बाप्तिस्मे, विवाह, दफन हे सारे व्यवस्थित लावलेले आहे. देशी शिपायाचा तपशील, म्हणजे बापाचे नाव, गाव, जात, उंची, पलटणीच्या ‘लाँग रोल’मध्ये आणि पुढे ‘शीट रोल’मध्ये राही, आणि ते कागद पलटणीसोबत हिंदुस्थानातच राहिले. लंडनमध्ये शिपाई भेटतो तो प्रामुख्याने पदकांच्या याद्यांत आणि शौर्यपदकांच्या नोंदींत. क्यू येथील युद्धदैनंदिन्यांत पलटण कोठे होती हे दिवसागणिक कळते. मृत गोरा अधिकारी तेथे नावाने येतो, मृत शिपाई बहुधा आकड्याने.

नाव शोधताना आडनाव शोधू नये, कारण ते त्या काळी कागदावर नसे. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, दोन्हींच्या अंती ‘नाक’: येसनाक, रामनाक अशा घडणीची. इंग्रज कारकून ते ऐकू येईल तसे लिही. जातीच्या रकान्यात ‘महार’ नसेल तर ‘परवारी’ पाहावे. मुंबई सैन्यात आपल्या लोकांसाठी हाच शब्द रूढ होता. पलटणीचे क्रमांकही फसवे असतात. कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी लढलेली पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण १८२४ मध्ये दुसरी रेजिमेंट झाली, १९०३ मध्ये १०२ ग्रेनेडियर्स झाली आणि १९२२ मध्ये चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी पलटण. एकाच माणसाचा आजा, बाप आणि नातू तीन वेगळ्या क्रमांकांखाली सापडू शकतात.

कोरेगावचा उल्लेख आला म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. त्या स्तंभावर मृतांची ४९ नावे आहेत, त्यांपैकी २२ ‘नाक’ प्रत्ययाची. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे जाऊन त्या दगडास आपल्या इतिहासात स्थान दिले. आज परदेशातील आपल्या मेळाव्यांत ‘आमचे पूर्वज कोरेगावला होते’ असे म्हणणारी अनेक घरे भेटतात. काहींचे खरेही असेल. पण पुरावा नसताना त्या यादीत आपला पूर्वज बसविणे म्हणजे त्या २२ जणांचे नाव पुसट करणे होय, असे मला वाटते. आपल्या इतिहासाला उसन्या सुभेदारांची गरज नाही.

नावाचे मोल काय असते ते बसराच्या स्मारकावरून कळते. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि कबर ज्ञात नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांचे हे स्मारक. त्यावर गोऱ्यांची नावे कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीखाली केवळ संख्या दिली. नावे नोंदवहीत ठेवली गेली. आज राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात, पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा यांसह. या विषमतेची कबुली आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात दिली. रत्नागिरी, सातारा, कुलाबा असे जिल्हे घालून मी एक संपूर्ण रविवार त्या यादीसमोर बसलो होतो. पणजोबा तेथे नव्हते, कारण ते परत आले होते. त्यांच्या शेजारच्या गावाचे एक नाव होते.

हे सारे आत्यास फोनवर सांगण्याचे मी बरेच दिवस टाळले. रिसाला तिच्या आईने तिला दिलेला होता. तो काढून घेण्याचा अधिकार मला आहे का, हे उमजत नव्हते. अखेर सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे, मग दापोलीच्या कॅम्पातनं पेन्शन यायची ती कुणाची? आई तर म्हणायची, म्हातारी अंगठा उठवायला जायची.”

पणजोबांना पेन्शन असण्याचे कारण नव्हते. ती म्हातारी त्यांची आई असावी, आणि पेन्शन त्यांच्या बापाची, १८९३ पूर्वी भरती झालेल्या शिपायाची. मी आता अफगाण युद्धाच्या पदकांच्या याद्या मागविल्या आहेत.