निगेटिव्ह कुणाच्या कपाटात?

लग्नाचा हंगाम ओसरला की गावोगावच्या फोटो स्टुडिओंच्या काचेआड नवी जोडपी दिसू लागतात. शालूतली नवरी, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, खाली स्टुडिओचं नाव आणि मोबाइल नंबर. फोटोग्राफर म्हणतो, फोटो मी काढला, मी लावणार. मुलीचे वडील म्हणतात, पैसे मी मोजले, फोटो माझा. बहुतेक वेळा कुणाचं काही अडत नाही, म्हणून हा प्रश्न कुणी धसास लावत नाही. लावलाच, तर भारतीय कायद्याचं उत्तर फोटोग्राफरला झोंबणारं आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल तर ऑर्डर देऊन, पैसे मोजून काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट पैसे मोजणाऱ्याचा असतो. हे उत्तर जवळजवळ शंभर वर्षांच्या घोळातून तयार झालं आणि त्याची सुरुवात लंडनमध्ये आहे.

त्याआधी मात्र असा प्रश्न पडायला जागाच नव्हती. १८३९ मध्ये दागेर या फ्रेंच माणसाची फोटो बनवण्याची कृती जगासमोर आली तेव्हा सगळी ओढाताण कृतीवरून झाली, चित्रावरून नाही. फ्रेंच सरकारने दागेरला वर्षाला ६,००० आणि त्याच्या दिवंगत भागीदाराच्या, नीएप्सच्या मुलाला ४,००० फ्रँक पेन्शन बांधून दिलं आणि कृती सर्वांना खुली केली. (इंग्लंडमध्ये मात्र दागेरने घाईघाईने पेटंट घेऊन ठेवलं होतं. औदार्यालाही सरहद्द असते.) दागेरचा फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटायचा आणि तो एकुलता एक असायचा. विकला की गेला. मागे काहीच उरत नव्हतं, तर हक्क कशावर सांगणार?

मागे काहीतरी उरायला लागलं ते इंग्लंडच्या टॅल्बटमुळे. १८४१ मध्ये त्याने पेटंट घेतलेल्या पद्धतीत आधी कागदाची निगेटिव्ह बनायची आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता यायच्या. पुढच्या दहाएक वर्षांत कागदाच्या जागी काच आली. आता एका फोटोचे दोन तुकडे झाले होते. गिऱ्हाइकाच्या हातात प्रत आणि फोटोग्राफरच्या कपाटात निगेटिव्ह. त्यात १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचं पेटंट मिळवलं आणि व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचे स्वस्त फोटो निघू लागले. १८६० मध्ये लंडनच्या मेयॉलने व्हिक्टोरिया राणी आणि तिच्या कुटुंबाच्या अशा कार्डांचा संच राणीच्या परवानगीने बाजारात आणला आणि तो तडाखेबंद खपला. लोक अनोळखी माणसांचे फोटो विकत घेऊ लागले. नक्कल करणारे त्यांच्या मागोमाग आलेच. विकत घेतलेल्या कार्डाचाच फोटो काढायचा आणि पुन्हा विकायचा, एवढं ते सोपं होतं.

१८६२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने चित्रं आणि फोटो यांच्यासाठी कायदा केला. फोटो काढणाऱ्याला त्याच्या हयातीत आणि नंतर सात वर्षं कॉपीराइट मिळाला, पण एका अटीसह. निगेटिव्ह पहिल्यांदा विकली, किंवा फोटो कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढला, तर समोरच्याच्या सहीचा लेखी करार केल्याशिवाय कॉपीराइट काढणाऱ्याकडे राहणार नाही. इथवर समजण्यासारखं आहे. पुढची मेख मात्र भारी होती. आपण होऊन काढलेल्या फोटोची निगेटिव्ह विकली, तर घेणाऱ्यालाही विकणाऱ्याच्या सहीचा कागद लागायचा. दोघांनीही काही लिहून घेतलं नाही, तर विकणाऱ्याचा हक्क गेला आणि घेणाऱ्याला तो मिळाला नाही. कॉपीराइट हवेत विरून जायचा आणि तो फोटो कुणीही छापावा! कलावंतांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याने एक सही राहून गेली म्हणून हक्कच नाहीसा करावा, हे वकिलांशिवाय कुणाला सुचलं नसतं.

शिवाय नोंदणी केल्याशिवाय दावाही लावता येत नव्हता. शहाणे लोक सावध झाले. कोलकात्यात जन्मलेली जूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही त्यातली एक. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिने कॅमेरा हातात घेतला आणि १८६४ पासून अकरा वर्षांत पाचशेच्या वर फोटोंची लंडनच्या स्टेशनर्स हॉलमध्ये रीतसर नोंदणी केली. तिच्या फोटोंचं फोकस हललेलं आहे म्हणून समकालीनांनी नाकं मुरडली. कागदपत्रांत मात्र तिचं फोकस पक्कं होतं.

नोंदणी करूनही फसायला होई. १८८३ च्या नॉटेज विरुद्ध जॅक्सन या खटल्यात लंडनच्या एका मोठ्या फोटो कंपनीने ओव्हलवर आपला माणूस पाठवून ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघाचा फोटो काढून आणला होता. कुणीतरी त्याच्या नकला विकल्या, कंपनी कोर्टात गेली. नोंदणीत ‘कर्ता’ म्हणून मालकांची नावं होती. न्यायमूर्तींनी विचारलं, फोटो घेताना तिथे हजर कोण होतं? मालक लंडनच्या कचेरीत बसलेले, कॅमेऱ्यामागे नोकर. कर्ता तोच ठरला, मालकांची नोंदणी चुकीची ठरली आणि नक्कल करणारा सुटला.

आपल्या स्टुडिओच्या काचेशी थेट नातं सांगणारा खटला पाच वर्षांनंतरचा. एका बाईंनी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि थोड्याच दिवसांत तो वेलबुट्टी लावून नाताळचं कार्ड म्हणून दुकानात मांडलेला दिसला. १८८८ चा हा पोलार्ड खटला. कॉपीराइटची नोंदणी झालेली नव्हती, त्यामुळे तो रस्ता बंद होता. न्यायमूर्ती नॉर्थ यांनी दुसरी वाट काढली. काच फोटोग्राफरची असेल, पण ती त्याच्याकडे आली गिऱ्हाइकाचं काम करण्यासाठी. ठरलेल्या प्रती देण्यापलीकडे तिचा वापर करणं म्हणजे करार आणि विश्वास दोन्ही मोडणं. नवरीच्या वडलांची बाजू याहून चांगली आजवर कुणी मांडलेली नाही.

त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं? हौस तर इथे लवकर पोचली होती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे डॉक्टर बंधू नारायण दाजी तिच्यात होते आणि नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. कायदा मात्र नव्हता. हिंदुस्थानातला १८४७ चा कायदा पुस्तकांपुरता होता आणि १८६२ चा कायदा ब्रिटनच्या किनाऱ्यापाशीच संपत होता. अशा वेळी विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने मुंबईत वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढले, त्यांच्या आकृत्या कापून निराळ्याच देखाव्यांवर चिकटवल्या आणि १८६३ व १८६६ मध्ये त्याचे दोन खंड लंडनला छापले. समोर बसलेल्यांना कुणी विचारलं असेल असं मानायला फार भोळेपणा लागेल.

इंग्लंडच्या १९११ च्या कायद्याने नोंदणीची कटकट संपवली आणि हाच कायदा थोडे बदल करून १९१४ मध्ये इथे लागू झाला. फोटोला निगेटिव्ह तयार झाल्यापासून पन्नास वर्षं संरक्षण मिळालं. ऑर्डरीचा नियम राहिला, पैसे मोजणारा पहिला मालक. पण कर्ता कोण, या ओव्हलच्या मैदानावर उठलेल्या प्रश्नाला या कायद्याने अजब उत्तर दिलं. निगेटिव्ह तयार झाली त्या क्षणी ती ज्याच्या मालकीची, तोच कर्ता. कॅमेऱ्यामागच्या माणसाचं नाव आता कायद्यालाच नको होतं.

त्या काळातल्या फोटोंमधून माणसं कशी गळून पडली ते पाहण्यासारखं आहे. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशांच्या नावाने छापून आले. दुसरं उदाहरण आपल्या खिशात आहे. १९९६ पासून नोटांवर असलेला गांधीजींचा हसरा चेहरा १९४६ मध्ये दिल्लीच्या व्हाइसरॉय हाउसमध्ये घेतलेल्या एका फोटोतून उचललेला आहे. मूळ फोटोत शेजारी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स आहेत. देशात सर्वांत जास्त वेळा छापला गेलेला हा फोटो असेल, पण तो कुणी काढला याची नोंद नाही.

१९५७ च्या आपल्या कायद्याने हा अन्याय अर्धाच दूर केला. फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती, असं स्पष्ट लिहिलं. वर्तमानपत्रातल्या नोकरीत काढलेल्या फोटोचा छापण्यापुरता हक्क मालकाला दिला, बाकीचे हक्क छायाचित्रकाराकडे ठेवले. पण कलम १७ मध्ये १८६२ ची ती जुनी समजूत तशीच घुसली. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेला फोटो, उलट करार नसेल तर, सांगणाऱ्याचा. म्हणजे सगळं भांडण क्रमावर येऊन ठेपतं. फोटो आधी आणि गिऱ्हाईक नंतर असेल, तर तुम्ही विकता तो कागद, हक्क तुमच्याकडेच राहतो. गिऱ्हाईक आधी असेल, तर शटर दाबताक्षणी हक्क त्याचा होतो. सह्याद्रीतल्या धबधब्याचा स्वतःच्या हौसेने काढलेला फोटो कॅलेंडरवाल्याला विकणं आणि त्याच कॅलेंडरवाल्याने पाठवलं म्हणून धबधब्यावर जाणं, या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग इतकी वर्षं स्टुडिओवाल्यांचं बिघडलं कसं नाही? कारण त्यांची मदार कायद्यावर नव्हतीच, निगेटिव्हवर होती. पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर नंबर लिहिलेला असायचा आणि आणखी कॉप्या हव्या असतील तर तो नंबर घेऊन त्याच स्टुडिओत जावं लागायचं. हक्क गिऱ्हाइकाचा, काच किंवा फिल्म स्टुडिओची. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात तसा हा प्रकार होता आणि तो बिनबोभाट चालला. एन्लार्जमेंट, रिटचिंग, आजोबा गेल्यावर फ्रेमसाठी मोठा फोटो, सगळं त्या कपाटातून निघायचं. माझ्या मते आपल्याकडच्या फोटोग्राफरांना कॉपीराइटची गोडी कधी लागली नाही, ती या कपाटामुळे.

डिजिटल कॅमेऱ्याने ते कपाटच रिकामं केलं. आता लग्न ठरवतानाच पार्टी म्हणते, अल्बम करा पण सगळा डेटा पेनड्राइव्हवर द्या. दिला की दुसरी किल्लीही गेली. पुढे त्यातलाच एक फोटो दागिन्यांच्या जाहिरातीत झळकला, तर फोटोग्राफरच्या हातात दाखवायला काही नसतं.

म्हणून कागद. तोही काम झाल्यावर दिलेल्या बिलाच्या मागे बारीक टायपात नव्हे, ॲडव्हान्स घेताना, दोघांच्या सहीचा. ऑर्डरीवर काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील आणि गिऱ्हाइकाला घरगुती वापराची मुभा असेल, एवढी दोन वाक्यं कलम १७ ला पुरतात. स्टुडिओच्या काचेत फोटो लावायचा असेल तर तेही तिथेच विचारून लिहावं. फोटो आधीपासून तुमचा असेल आणि कुणाला हक्क द्यायचे असतील, तर कोणता फोटो, कशासाठी, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि किती पैशांत हे लिहावं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही आणि कागदात वेगळं काही नसेल, तर तो तुमच्याकडे परत येतो. सगळे हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुमचाच राहतो. नोंदणी सक्तीची नाही, पण कोर्टात सकृद्दर्शनी पुरावा म्हणून चालते. जुन्या कार्डांच्या पाठीवर स्टुडिओचं नाव असायचं, ते काम आता फाइलच्या आत लिहिलेलं नाव करतं आणि २०१२ पासून अशी माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना पुसणं हा गुन्हा आहे.

ब्रिटनने ऑर्डरीचा नियम १९८९ मध्ये मोडीत काढला. कॉपीराइट फोटोग्राफरला दिला आणि घरगुती कामासाठी फोटो काढून घेणाऱ्याला तो चारचौघांत न दाखवण्याचा वेगळा हक्क दिला, म्हणजे पोलार्डबाईंची तक्रार शंभर वर्षांनी कायद्यात आली. कॅनडाने तो नियम २०१२ मध्ये काढला. त्याच वर्षी आपल्याकडेही दुरुस्ती झाली, पण कलम १७ मधला ऑर्डरीच्या फोटोचा नियम तसाच राहिला. बदलली ती मुदत. प्रकाशनापासून साठ वर्षांऐवजी फोटोलाही आता कर्त्याची हयात अधिक साठ वर्षं मिळतात. त्यामुळे आजच्या लग्नाच्या अल्बमचा हक्क ज्या घराने पैसे मोजले त्याच्याकडे असतो आणि तो कधी संपणार हे मात्र फोटोग्राफर कधी वारला यावर ठरतं.