नारळी पौर्णिमा ते 'शंभर वर्षांची लाट' : समुद्राच्या उंचीचे गणित

१/ वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही तिथल्या घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत श्रावणातील एक तिथी थेट समुद्राविषयी बोलते : नारळी पौर्णिमा. या दिवशी किनाऱ्यावरील कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो आणि पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटतो.

२/ या प्रथेमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी खवळलेला अरबी समुद्र साधारणतः श्रावणाच्या मध्यापासून निवळू लागतो. मात्र 'साधारणतः' या शब्दातच त्या ज्ञानाची सीमा आहे. एखाद्या रात्री येणारी सर्वांत मोठी लाट किती उंच असेल, हे सरासरी सांगत नाही. त्या प्रश्नाला गणिती उत्तर मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

३/ निमित्त होते दुसऱ्या महायुद्धाचे. सैन्य किनाऱ्यावर उतरवायचे, तर लाटा आधी कळायला हव्यात. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत हॅराल्ड स्वेर्ड्रुप आणि त्यांचे तरुण सहकारी वॉल्टर मंक यांनी वाऱ्यावरून लाटांचा अंदाज बांधण्याची पद्धत तयार केली. त्या पद्धतीत प्रशिक्षित झालेल्या अधिकाऱ्यांनी १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेसाठी लाटांचे अंदाज वर्तवले.

४/ अडचण वेगळीच होती. समुद्रात एकसारख्या उंचीच्या लाटा नसतातच. मग 'उंची' म्हणायचे कशाला? अनुभवी नावाड्यांना विचारले असता ते सरासरीपेक्षा मोठा आकडा सांगत, कारण डोळा लहान लाटांकडे दुर्लक्ष करतो. त्यांचा अंदाज सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांच्या सरासरीशी जुळत असे. हीच 'लक्षणीय लाटउंची'. समुद्राच्या अंदाजांत आजही हाच आकडा दिला जातो.

५/ पुढचा धागा ध्वनिशास्त्रातून आला. असंख्य कंपने अनियमितपणे एकत्र आली तर परिणाम काय होतो, याचे सूत्र लॉर्ड रॅले यांनी १८८० मध्ये मांडले होते. समुद्राचा पृष्ठभागही असंख्य तरंगांची बेरीजच असतो. १९५२ मध्ये ब्रिटिश गणिती मायकेल लाँग्वे-हिगिन्स यांनी दाखवून दिले की लाटांच्या उंचीची विभागणी बहुतांशी रॅले यांच्याच सूत्रानुसार होते.

६/ याचा अर्थ आकड्यांत पाहू. लक्षणीय लाटउंची ४ मीटर असेल, तर सर्व लाटांची सरासरी सुमारे २.५ मीटर भरते. दर सात-आठ लाटांमागे एक लाट ४ मीटरहून उंच असते. हजार लाटांतील सर्वांत मोठी लाट सुमारे ७.४ मीटरची असू शकते, आणि हजार लाटा येऊन जाण्यास जेमतेम अडीच तास लागतात. '४ मीटर' ऐकून निघालेल्या नावेला त्याच दुपारी जवळपास दुप्पट उंचीची लाट भेटू शकते.

७/ हा झाला एका वादळाचा हिशेब. अनेक दशकांतील सर्वांत भीषण वादळाचे काय? टोकाच्या घटनांचे संख्याशास्त्र घडवणाऱ्यांत एमिल गुंबेल हे नाव अग्रभागी येते. जर्मनीतील राजकीय हत्यांचा पाठपुरावा करणाऱ्या या गणितज्ञाला १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठ सोडावे लागले. फ्रान्समार्गे ते अमेरिकेत पोहोचले. त्यांनी ही पद्धत नद्यांच्या पुरांना लावली आणि पुढे ती सागरी बांधकामांच्या आराखड्यांतही रुळली.

८/ त्यातूनच 'शंभर वर्षांची लाट' हा शब्दप्रयोग रूढ झाला. ती शंभर वर्षांनी एकदाच येते, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी तिची शक्यता १ टक्का असते, आणि तीस वर्षे उभ्या राहणाऱ्या बांधकामाला ती गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते.

९/ महाराष्ट्रासमोर हा प्रश्न फेब्रुवारी १९७४ मध्ये उभा राहिला. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या जहाजाला तेल सापडले. मे १९७६ मध्ये 'बॉम्बे हाय'चे उत्पादन सुरू झाले. खुल्या समुद्रात माणसे वर्षानुवर्षे राहणार होती. अशा फलाटाचा मजला पाण्यापासून किती उंच ठेवायचा, हे नेहमीच्या नव्हे, तर सर्वांत दुर्मीळ लाटेवरून ठरते.

१०/ सूत्रालाही मर्यादा असते. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातील ड्राउपनर फलाटावरच्या उपकरणाने २५.६ मीटर उंचीची लाट नोंदवली. त्या वेळी लक्षणीय लाटउंची होती सुमारे १२ मीटर. खलाशांच्या 'राक्षसी लाटां'च्या कहाण्या तोवर अनेकांना अतिशयोक्ती वाटत; आता उपकरणाचीच साक्ष मिळाली.

११/ आणि १७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळाचा इशारा आधीच दिला गेला होता. तरीही बॉम्बे हायच्या परिसरात 'पी-३०५' या निवासी बार्जवर २६१ माणसे होती. नांगर तुटले, बार्ज भरकटला आणि बुडाला. नौदलाने अनेकांना वाचवले, पण सत्तरहून अधिक जण परतले नाहीत. लाटेची शक्यता गणित सांगते. तिच्यासमोरून माणसांना वेळीच हलवण्याचा निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो.

१२/ हा इतिहास अल्लीपूरच्या वाचकालाही परका नाही. गुंबेल यांचे गणित समुद्राआधी नदीकाठी वापरले गेले. नदीवरच्या पुलाची उंची ठरवतानाही दुर्मीळ पुराची शक्यता अशीच मोजली जाते. 'शंभर वर्षांचा पूर गेल्या साली येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत काळजी नाही' असे कुणी पारावर म्हणाले, तर त्यांना एवढेच सांगावे : नदीला मागचे वर्ष आठवत नसते. यंदाही शक्यता तेवढीच आहे.