न वाचता दिलेला निकाल

काही वर्षांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक शिक्षिका आम्हाला भेटावयास आल्या. त्यांच्या कापडी पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. ती त्यांना मुलीच्या उशीखाली सापडली होती. "फादर, ही घरात ठेवावी का?" त्यांनी विचारले. आम्ही मलपृष्ठावरील चार ओळी चाळल्या, दोन स्त्रियांच्या परस्परप्रेमाची कथा आहे एवढे ध्यानात घेतले आणि ठेवू नये असे सांगितले. बाईंनी जाता जाता नम्रपणे विचारले, "तुम्ही वाचलीत का, फादर?" विषय ठाऊक असताना वाचण्याची गरज काय, असे काहीसे उत्तर आम्ही दिले.

पुस्तक होते रॅडक्लिफ हॉल या लेखिकेचे 'द वेल ऑफ लोनलिनेस', म्हणजे एकाकीपणाची विहीर. पुढे एका व्याख्यानाच्या तयारीत पुस्तकबंदीचा इतिहास चाळताना हेच नाव पुन्हा समोर आले, आणि आम्ही दिलेला निकाल आमच्याआधी अनेकांनी जवळजवळ त्याच रीतीने दिला होता असे आढळून आले. बाईंकडे निरोप पाठवून ती प्रत मागविली, तेव्हा ती रद्दीत गेल्याचे कळले. दुसरी प्रत मुंबईहून मिळवावी लागली.

लेखिकेविषयी प्रथम थोडे सांगणे जरूर आहे, कारण ती आपल्याच घरची होती. मार्गरिट रॅडक्लिफ हॉल हिचा जन्म १८८० सालचा, इंग्लंडमधील बोर्नमथ येथला. मेबल बॅटन या वयाने मोठ्या कॅथलिक स्त्रीच्या सहवासात तिने १९१२ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि अखेरपर्यंत ती सोडली नाही. पुरुषी पोशाख, आखूड केस, जवळच्या माणसांत 'जॉन' हे नाव, असे तिचे राहणे होते. मेबल १९१६ साली वारली. त्यानंतर उना ट्रूब्रिज हिच्यासमवेत हॉलबाईंचा संसार (दुसरा शब्द आम्हाला सुचत नाही) १९४३ साली मृत्यू येईपर्यंत चालला. उनाही धर्मांतरित कॅथलिकच होती. लेखिका म्हणून हॉलबाईंचे नाव १९२६ च्या 'अ‍ॅडम्स ब्रीड' या कादंबरीने दुमदुमले होते. त्या पुस्तकाला इंग्लंडमधील जेम्स टेट ब्लॅक स्मृतिपुरस्कार आणि फ्रान्सचा फेमिना पुरस्कार असे दोन्ही मान मिळाले. बाई काही संत नव्हत्या. पुढील काळात इटलीतल्या फॅसिस्टांविषयी त्यांना सहानुभूती वाटू लागली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु नाव झालेले असताना, ते पणाला लावून, आपल्यासारख्यांची बाजू मांडण्याचे त्यांनी ठरविले.

कादंबरीची नायिका नाताळच्या आदल्या दिवशी जन्मते. आईवडिलांनी मुलगा गृहीत धरलेला असतो आणि पहिला रक्तसाक्षी संत स्टीफन याच्यावरून नावही योजलेले असते. मुलगी झाली तरी तेच नाव ठेवतात. स्टीफन वाढते ती घोडेस्वारीत आणि तलवारबाजीत. ती इतर मुलींसारखी का नाही हे वडिलांना शास्त्रीय ग्रंथांतून उमगते, पण ते मुलीला वा पत्नीला सांगण्याचे धैर्य त्यांना होत नाही, आणि एके दिवशी बर्फाने लादलेल्या सीडर वृक्षाखाली ते प्राण सोडतात. सत्य उघड झाल्यावर आई तिला घराबाहेर काढते. आईने मुलीला झिडकारण्याचे ते पृष्ठ आम्ही दोनदा वाचले. महायुद्धात रुग्णवाहिका चालविताना स्टीफनला मेरी भेटते, दोघी पॅरिसमध्ये घर करतात. शेवटी मेरीला सुरक्षित, प्रतिष्ठेचे आयुष्य लाभावे म्हणून स्टीफन स्वतःवर खोटा कलंक घेऊन तिला एका पुरुषाच्या स्वाधीन करते. अखेर होते ती देवाला घातलेल्या सादेत. आम्हालाही जगण्याचा अधिकार दे, एवढेच तिचे मागणे. ज्याला लोक अश्लील म्हणतात तसे त्यात काय आहे हे आम्ही शोधले. चुंबनाखेरीज आणि एका रात्रीच्या पुसट सूचनेखेरीज काही हाती लागले नाही.

लंडनच्या जोनाथन केप यांनी २७ जुलै १९२८ रोजी पुस्तक काढले. उथळ वाचक दूर राहावा म्हणून किंमत पंधरा शिलिंग, सामान्य कादंबरीच्या दुप्पट, आणि वेष्टन साधे काळे. प्रारंभी हॅवलॉक एलिस या लैंगिकशास्त्रज्ञाचा अभिप्राय छापला होता. पहिले तीन आठवडे वाचकांची मते आली ती कोणत्याही पुस्तकावर यावीत तशी. कोणी प्रामाणिकपणा वाखाणला, कोणाला ते प्रवचनासारखे वाटले. लेनर्ड वुल्फ यांना रचना ढिली वाटली. व्हेरा ब्रिटन यांनी सहानुभूतीने लिहिले. विशेष असे की कोणीही बंदीची मागणी केली नाही.

१९ ऑगस्टला 'संडे एक्सप्रेस'चे संपादक जेम्स डग्लस यांनी मोठा लेख छापला. निरोगी मुलाच्या वा मुलीच्या हाती ही कादंबरी देण्यापेक्षा आपण जहाल विषाची कुपी देऊ, असा त्यांचा आशय होता, कारण विष देहाला मारते आणि पुस्तक आत्म्याला. प्रकाशक घाबरले. त्यांनी होऊन पुस्तक गृहमंत्री सर विल्यम जॉयन्सन-हिक्स यांच्याकडे अभिप्रायार्थ धाडले आणि दोनच दिवसांत प्रकाशन मागे घेण्याचा इशारा आला. या गृहमंत्र्यांची एक गोष्ट आपल्या वाचकांना उद्बोधक वाटेल. त्याच सुमारास, १९२७ आणि १९२८ मध्ये, अँग्लिकन चर्चचे सुधारित प्रार्थनापुस्तक पार्लमेंटात दोनदा फेटाळले गेले, त्यात पुढाकार याच गृहस्थांचा होता. त्या पुस्तकात त्यांना रोमचा वास येत होता. सरकारचे महान्यायवादी सर थॉमस इन्स्किप हेही त्या मोहिमेत त्यांच्या बाजूलाच उभे होते, आणि हॉलबाईंविरुद्ध अपिलात सरकारची बाजू मांडली तीही त्यांनीच. आपले प्रार्थनापुस्तक आणि आपली कादंबरी एकाच दाराने बाहेर घालवली गेली, असे एखाद्या कॅथलिक वाचकाला तेव्हा वाटले असेल तर नवल नाही.

केप यांनी छपाईचे साचे गुपचूप पॅरिसला पाठविले आणि तेथील पेगॅसस प्रेसने नवी आवृत्ती काढली. तिच्या अडीचशे प्रती डोव्हर बंदरात अडविण्यात आल्या. सीमाशुल्क खात्याचे प्रमुख सर फ्रान्सिस फ्लाउड यांनी पुस्तक खरोखरच वाचले. त्यांना ते आक्षेपार्ह वाटले नाही आणि त्यांनी प्रती सोडून दिल्या. या साऱ्या प्रकरणात ज्या अधिकाऱ्याचे काम जकातीचे होते त्याने वाचकाचे कर्तव्य पार पाडले. परंतु प्रती लंडनला पोहोचताच पोलिसांनी त्या पुन्हा जप्त केल्या.

९ नोव्हेंबर १९२८ रोजी बो स्ट्रीटच्या न्यायालयात सर चार्टर्स बायरन यांच्यापुढे खटला उभा राहिला. बचावासाठी चाळीसच्या आसपास साक्षीदार येऊन बसले होते. त्यांत व्हर्जिनिया वुल्फ होत्या, ई. एम. फॉर्स्टर होते, ज्युलियन हक्स्ली होते. पुस्तक अश्लील आहे की नाही हे न्यायालयाने ठरवावयाचे, साक्षीदारांच्या मताचा येथे संबंध नाही, असे म्हणून बायरन यांनी कोणाचीच साक्ष घेतली नाही. गंमत अशी की साक्षीला आलेल्यांपैकी सर्वांना पुस्तक आवडले होते असे मुळीच नाही. व्हर्जिनियाबाईंना ते कमालीचे कंटाळवाणे वाटले होते. त्याआधी निषेधाचे एक पत्र निघावयाचे होते, त्यात पुस्तक श्रेष्ठ कलाकृती असल्याचे म्हटलेच पाहिजे असा हॉलबाईंनी हट्ट धरला आणि तो बेत विसकटला. कलाकृती मानावी एवढे ते पुस्तक थोर नाही, हे आमचेही मत आहे. भाषा जागोजागी जड होते, दुःखाचा पाढा लांबतो.

बचावाचे वकील नॉर्मन बर्केट यांनी प्रारंभी असा पवित्रा घेतला की या स्त्रियांचा संबंध केवळ मैत्रीचा आहे. मधल्या सुट्टीत हॉलबाईंनी त्यांना रडत-संतापत जाब विचारला. आपण ज्यासाठी लिहिले तेच खोटे ठरवून मिळालेली सुटका त्यांना नको होती. बर्केट यांना विधान मागे घ्यावे लागले. १६ नोव्हेंबरला निकाल लागला, प्रती नष्ट कराव्यात. निकाल वाचताना न्यायाधीशांनी आघाडीवरील रुग्णवाहिका पथकातील स्त्रियांविषयी कादंबरीत काय आहे हे सांगितले, तेव्हा हॉलबाईंनी उभे राहून हरकत घेतली. गप्प न बसल्यास बाहेर काढू, असे त्यांना बजावण्यात आले. १४ डिसेंबरचे अपील फेटाळण्यास तर फार वेळ लागला नाही. बारा न्यायाधीश बसले होते, पण कादंबरीच्या प्रती त्यांना वाचावयास देण्यातच आल्या नव्हत्या. त्या दिवशी सरकारच्या बाजूने बोलण्यासाठी मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किप्लिंगही न्यायालयात हजर होते. त्यांना बोलावण्याची वेळ आली नाही.

ज्या कसोटीवर हे घडले ती १८६८ सालची. तिला 'हिक्लिन कसोटी' म्हणतात. ज्यांची मने अशा परिणामाला बळी पडू शकतात त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती पुस्तकात आहे काय, एवढेच पाहावयाचे, लेखकाचा हेतू कितीही शुद्ध असो. आता मूळ खटला कोणत्या पुस्तकाचा होता? आपल्या पापनिवेदन संस्काराची बदनामी करणाऱ्या एका कॅथलिकद्वेष्ट्या पत्रकाचा! म्हणजे ज्या नियमाने तेव्हा आपल्या धर्मगुरूंची अब्रू राखली गेली, त्याच नियमाने साठ वर्षांनी एका कॅथलिक स्त्रीचे पुस्तक भट्टीत घालण्याचा हुकूम झाला. हा नियम आपल्याकडेही चांगलाच रुजला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने रणजित उदेशी या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याला 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल दोषी ठरविले ते याच कसोटीवर. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, त्यांच्यावर खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. हिक्लिन कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बाजूला सारली ती २०१४ मध्ये.

भीती नेमकी कशाची होती? त्याचा उलगडा १९२१ सालच्या एका घटनेत होतो. स्त्रियांमधील अशा संबंधांना गुन्हा ठरविणारे कलम त्या वर्षी इंग्लंडच्या कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले, परंतु उमरावांच्या सभागृहाने ते फेटाळले. कारण दयेचे नव्हते. कायदा केला तर ज्या असंख्य स्त्रियांना असे काही असते हेच ठाऊक नाही त्यांना ते ठाऊक होईल, हे कारण होते. आम्ही त्या शिक्षिकांना दिलेल्या उत्तरामागे तरी याहून वेगळे काय होते?

आता ज्या वाचकांचे मत कोणत्याही न्यायालयाने विचारले नाही त्यांच्याकडे वळू. हॉलबाईंना वाचकांची हजारो पत्रे आली. निंदेची पत्रे त्यांत थोडी. आपल्यासारखे आणखी कोणी जगात आहे हे प्रथमच कळले, असे लिहिणारे अनेक होते. काहींना सल्ला हवा होता, काहींना फक्त कोणालातरी सांगावयाचे होते. पापनिवेदनाच्या खुर्चीत वर्षानुवर्षे बसलेल्या आमच्यासारख्याला हा सूर अनोळखी नाही. अशा व्यक्तींना आदराने, कळवळ्याने व संवेदनशीलतेने वागवावे असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. त्याच ग्रंथातील नैतिक शिकवण आम्ही शिकवितो आणि शिकवीत राहू. पण कळवळा ज्याच्याविषयी वाटावयाचा त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, याचा आम्हाला त्या दिवशी विसर पडला.

सगळ्याच समदुःखी वाचकांना पुस्तक भावले असे नाही. चित्रकर्ती रोमेन ब्रुक्स ही त्याच वर्तुळातली, तिला ते अगदी सामान्य वाटले. १९७० नंतरच्या स्त्रीवादी वाचकांपैकी कित्येकींना नायिकेचा आत्मतिरस्कार खटकला. सुख कुठेच नाही, हे काय आयुष्य, असा त्यांचा आक्षेप. अमेरिकेत मात्र १९ एप्रिल १९२९ रोजी न्यायालयाने पुस्तक निर्दोष ठरविले आणि पहिल्याच वर्षी तेथे लाखावर प्रती खपल्या. इंग्लंडमध्ये ते १९४९ साली पुन्हा छापले गेले, कोणी खटला भरला नाही. १९७४ मध्ये बीबीसी रेडिओने ते निजण्यापूर्वीच्या वाचनात श्रोत्यांना ऐकविले.

एक घाव मात्र खोल गेला. खटल्याच्या वर्षी निघालेल्या एका उपहासपुस्तिकेत हॉलबाईंना क्रुसावर खिळलेल्या दाखविले होते. निकालापेक्षा त्यांना हे अधिक लागले, कारण आपल्यामुळे प्रभूच्या क्रुसाची विटंबना झाली असे त्यांना वाटले. त्यानंतरची त्यांची कादंबरी, १९३२ ची 'द मास्टर ऑफ द हाउस', एका सुताराच्या मुलाची आहे. तो ख्रिस्तासारखा जगतो आणि ख्रिस्तासारखाच मरतो.

राय या गावी संत अंतोनीचे चर्च उभे राहिले तेव्हा हॉलबाईंनी त्याला मोठे साहाय्य केले आणि मेबलच्या स्मरणार्थ तेथे क्रूस बसविला. वाचकांची ती पत्रे आज अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम केंद्रात जपून ठेवलेली आहेत. आमची प्रत आमच्या कपाटात आहे. ती शिक्षिकाबाईंना नेऊन द्यावी असे आम्ही ठरविले आहे, मुलगी आता नोकरीनिमित्त बाहेरगावी असते.