रक्तातले गिरमिट

२००४ सालच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्यावर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार चालू होते. काही महिन्यांपासून त्याला ताप येत होता, उतरत होता आणि पुन्हा येत होता. असा ताप म्हटला की आपल्याकडे पहिला संशय हिवतापाचा. परंतु त्याच्या रक्तात दिसले ते काही वेगळेच होते. हिवतापाचे परजीवी तांबड्या पेशींच्या आत राहतात; हे सजीव पेशींच्या बाहेर, रक्तद्रवात होते. तांबड्या पेशीच्या तिपटीएवढे लांब, दोन्ही टोकांना निमुळते, एका कडेला झालरीसारखा पातळ पडदा आणि पुढे चाबकासारखी कशाभिका. प्राणिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने हे चित्र पुस्तकात पाहिलेले असते: ट्रिपॅनोसोमा. पण पुस्तकात त्याखाली लिहिलेले असते आफ्रिकेतला निद्रारोग आणि त्सेत्से माशी. भारतात त्सेत्से माशी नाही. मग हा परजीवी कोठून आला?

पुढील तपासण्यांत त्याची ओळख पटली. तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय होता, म्हणजे उंट, घोडे आणि गुरे यांच्या ‘सर्रा’ या रोगाचा परजीवी. माणसात तो सापडल्याची ही पहिलीच खात्रीशीर नोंद ठरली. ओळख पटू शकली, कारण सव्वाशे वर्षांपूर्वी कोणी तरी तो पाहिला होता, कोणी तरी त्याचे वर्णन केले होते आणि त्याला एक नाव मिळालेले होते. त्या नावाची हकिकत येथे सांगायची आहे.

ट्रिपॅनोसोमा हे प्रजातीचे नाव १८४३ मधले. पॅरिसमध्ये ग्रूबी नावाच्या डॉक्टरांना बेडकाच्या रक्तात मळसूत्रासारखे वळसे घेत फिरणारा एक सूक्ष्मजीव दिसला. ग्रीक भाषेत ‘ट्रिपॅनॉन’ म्हणजे सुताराचे भोके पाडण्याचे गिरमिट आणि ‘सोमा’ म्हणजे शरीर. नाव असे दृश्यावरून पडले. त्यानंतर १८७८ मध्ये टिमोथी लुईस यांनी कलकत्त्यात उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले. हे उंदीर मात्र ठणठणीत होते. त्यामुळे रक्तात असे काही वळवळत असले तरी ते रोगाचे कारण असेलच असे नाही, हे मत बळावले. ते चुकीचेही नव्हते, पण पुढे त्यानेच घोटाळा केला.

१८८० साली लष्करातील पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना पंजाबात डेरा इस्माईल खान येथे पाठवण्यात आले. तेथे घोडे आणि उंट सर्राने मरत होते: ताप, अशक्तपणा, पायांवर व पोटाखाली सूज आणि शेवटी मृत्यू. इव्हान्स यांनी आजारी जनावरांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात हे गिरमिट सापडले. येथवर ते लुईस यांच्याएवढेच पुढे गेले होते. पण ते थांबले नाहीत. त्यांनी रोगी रक्त निरोगी जनावरांना दिले. ती जनावरे आजारी पडली आणि त्यांच्याही रक्तात तेच जीव दिसू लागले. क्षयाच्या जंतूचा कॉख यांचा शोध अजून दोन वर्षे दूर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगाचे मोल कळते. वरिष्ठांना मात्र ते पटले नाही. उंदरात असतात तसलेच हे जीव, रोगाचा परिणाम असतील, कारण नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले.

आता गोष्ट मुंबईकडे वळते. त्या काळी मुंबईत हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे डॉक्टर पुनरावर्ती ज्वराचा अभ्यास करीत होते. (वैद्यकाचे विद्यार्थी अजूनही वापरतात त्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची मूळ चित्रे काढणारे ते हेच कार्टर. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असेल तर आधी चित्र काढायला शिका, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा त्यांचे उदाहरण देतो.) ताप चढला की रुग्णाच्या रक्तात मळसूत्राच्या आकाराचे जंतू दिसतात, उतरला की नाहीसे होतात, हे त्यांनी १८७७ च्या सुमारास दाखवून दिले होते. १८८५ मध्ये जॉन हेन्री स्टील हे पशुवैद्य ब्रह्मदेशात लष्कराच्या खेचरांमधील रोगाचा तपास करीत होते. तेथेही ताप चढ-उताराचा आणि रक्तातले जीव त्याच्याबरोबर कमी-जास्त होणारे. स्टील यांना कार्टर यांच्या रुग्णांची आठवण व्हावी, यात नवल नाही. त्यांनी हा जीव त्या जंतूंच्याच गटात घातला आणि इव्हान्स यांच्या सन्मानार्थ त्याचे नाव ठेवले ‘स्पायरोकीटा इव्हान्साय’.

गट चुकला होता. स्पायरोकीट हे जीवाणू. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते. हा तर केंद्रक असलेला एकपेशीय प्राणी. १८८८ मध्ये बाल्बियानी यांनी त्याला ट्रिपॅनोसोमा प्रजातीत हलवले. म्हणून आज पूर्ण नाव लिहितात ते असे: ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय (स्टील, १८८५) बाल्बियानी, १८८८. या कंसाला अर्थ आहे. प्राण्यांच्या नावात लेखकाचे नाव कंसात असेल, तर त्याने जातीचे वर्णन केले पण प्रजाती वेगळी सांगितली होती, असे समजायचे. म्हणजे चूक पुसली जात नाही, कंसात जपून ठेवली जाते. स्टील पुढे १८८६ मध्ये परळ येथे सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. इव्हान्स यांना शंभर वर्षांचे आयुष्य लाभले, आणि स्टील यांच्या स्मरणार्थ दिले जाणारे पदक उतारवयात त्यांनाच मिळाले!

ताप पुन्हा पुन्हा का येतो, याचे उत्तर स्टील यांच्याकडे नव्हते. ते कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. या परजीवीच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचा दाट अंगरखा असतो. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, बहुतेक परजीवी मरतात, ताप उतरतो. पण काहींनी तोवर अंगरखा बदललेला असतो. ते वाढतात, ताप पुन्हा चढतो. दोन अगदी भिन्न जीवांनी, एका जीवाणूने आणि एका आदिजीवाने, हीच युक्ती साधलेली आहे. स्टील फसले ते या साम्यामुळे.

जातीचे वर्णन करणे म्हणजे काय, हे येथे थोडे थांबून पाहू. नवा प्राणी दिसणे आणि नवी जात वर्णिली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्णनासाठी नमुना लागतो, मोजमापे व चित्रे लागतात, जवळच्या जातींपासून हा कसा वेगळा हे सांगावे लागते, नाव छापून प्रसिद्ध करावे लागते. आजच्या नियमांनुसार एक नमुना ‘प्ररूप’ म्हणून ठरवून संग्रहालयात ठेवावा लागतो. परजीवीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी हव्यात: कोणत्या प्राण्यात सापडला आणि कोठे.

हा ‘कोणत्या प्राण्यात’चा रकाना फसवा असतो. वाघाचेच उदाहरण घ्या. १८३६ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या वाघाच्या जठरात एक काटेरी डोक्याचा गोलकृमी पाहिला आणि त्याला नॅथोस्टोमा स्पिनिजेरम असे नाव दिले. १८७८ मध्ये केर्बर्ट यांनी अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातील वाघाच्या फुप्फुसातून एका पर्णकृमीचे वर्णन केले. तो पॅरागोनिमस वेस्टरमनाय. नाव त्या प्राणिसंग्रहालयाच्या संचालकांवरून. दोन्ही वाघाचे कृमी म्हणून शास्त्रात आले. पण पुढच्याच वर्षी फुप्फुसातला हा पर्णकृमी फॉर्मोसा बेटावर, आजच्या तैवानात, एका माणसात सापडला. कच्चे वा अर्धवट शिजवलेले खेकडे खाणाऱ्यांना तो होतो, हे नंतर उलगडले. वाघातला गोलकृमीही १८८९ मध्ये सयाममधील एका स्त्रीत मिळाला. म्हणजे रकान्यात लिहिलेला प्राणी हा परजीवीचा ‘मालक’ नव्हे. तो केवळ पहिला साक्षीदार.

विदर्भात हे काम कोणी केलेच नाही असे नाही. नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समधील एम. ए. मोघे यांनी १९२५ मध्ये मागूर माशातील एका पट्टकृमीचे वर्णन केले. त्याचे आजचे नाव लायटोसेस्टस इंडिकस (मोघे, १९२५). कंस पाहिलात ना? त्याच वर्षी त्यांनी टिटवीतील पट्टकृमीचीही एक नवी जात वर्णिली. टिटवी आणि मागूर, दोन्ही आपल्या तळ्याकाठचे. मोघे यांना दूरच्या जंगलात जावे लागले नाही. त्यानंतरच्या काळात आपल्याकडे कृमींच्या नव्या जाती पुष्कळ प्रसिद्ध झाल्या. स्पष्टच सांगायचे तर त्यांतील काही एखाद-दुसऱ्या दबलेल्या नमुन्यावर आणि ढोबळ चित्रावर उभ्या आहेत. दुसऱ्याने पडताळून पाहायचे तर प्ररूप मिळत नाही. अशा नावांचा अभ्यासकाला उपयोग होण्याऐवजी ओझेच होते.

आता पुन्हा त्या शेतकऱ्याकडे येऊ. लाखो माणसे सर्रा झालेल्या गुरांजवळ राहतात, तरी माणसाला हा रोग होत नाही, असा अनुभव होता. माणसाचा रक्तद्रव अशा परजीवींना मारतो, हे लाव्हरां आणि मेनिल यांनी १९०२ मध्येच दाखवले होते. हे काम मुख्यतः अ‍ॅपोलिपोप्रोटीन एल-१ या प्रथिनाचे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले की या रुग्णाला आईकडून आणि वडिलांकडून मिळालेली त्या प्रथिनाची दोन्ही जनुके सदोष होती; ते प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच. जागतिक आरोग्य संघटनेने सुरामिन हे औषध पुरवले आणि रुग्ण बरा झाला. सुरामिन १९१६ चे, जर्मनीतील बायर कंपनीत तयार झालेले.

गावातील १,८०६ लोकांची रक्ततपासणी झाली. पहिल्या चाचणीत ४१० जण, म्हणजे २२.७ टक्के, सकारात्मक निघाले. रक्तद्रवाच्या अधिक काटेकोर चाचणीत ८१ उरले. त्यांपैकी सर्वांत ठळक निष्कर्षाच्या ६० जणांच्या रक्तात शोधूनही परजीवी मिळाला नाही. माझ्या मते यातून एवढेच म्हणता येते की, या लोकांचा परजीवीशी संपर्क येत असावा आणि शरीर त्याला परतवत असावे. पण तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. २०१५ मध्ये व्हिएतनाममधील एका स्त्रीला हाच संसर्ग झाला आणि तिच्यात ते संरक्षक प्रथिन व्यवस्थित होते.

नावाचा वादही संपलेला नाही. हा परजीवी आफ्रिकेतल्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसीपासून निघाला. त्सेत्से माशीच्या शरीरात वाढण्यासाठी लागणारा जनुकीय भाग त्याने गमावला आहे. त्यामुळे तो आता कोणत्याही गोमाशीच्या सोंडेला चिकटून एका जनावरावरून दुसऱ्यावर जातो, आणि म्हणूनच आफ्रिकेबाहेर पसरू शकला. काही शास्त्रज्ञ म्हणतात की ही स्वतंत्र जात नव्हेच, ब्रुसीचाच एक प्रकार. ते मान्य झाले तर कंसात आणखी भर पडेल.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांना या साऱ्याशी काय कर्तव्य? सर्रा वाघालाही होतो. जुलै २००० मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत दहाहून अधिक वाघ दगावले, तेव्हा निदान याच परजीवीचे झाले होते. मांसभक्षकाला तो संसर्ग झालेल्या ताज्या मांसातूनही होऊ शकतो, आणि ताडोबाच्या कडेच्या गावांत वाघ गुरे मारतो. गडचिरोलीत कोलामार्का भागात थोड्या रानम्हशी उरल्या आहेत. २०२१ पासून छत्तीसगडातून रानटी हत्तीही जिल्ह्यात आले आहेत. म्हैस आणि हत्ती दोघेही सर्राला बळी पडणारे. आणि सर्रा हा नाव असलेला परजीवी आहे. नाव नसलेले किती असतील?

ते कळण्याची वाट अरुंद आहे. ओवेन यांच्या काळाप्रमाणे आज अभ्यासासाठी वन्यप्राणी मारता येत नाही, आणि ते योग्यच आहे. विष्ठेत अंडी मिळतात, पण केवळ अंड्यावरून बहुधा जातीचे वर्णन करता येत नाही. प्रौढ कृमी लागतो. तो मिळण्याची संधी शवविच्छेदनाची. वाघाचे शव त्यानंतर नियमानुसार जाळतात, म्हणजे अवयवांची चोरटी विक्री होऊ नये. त्याच आगीत आतले कृमीही जातात. शवविच्छेदन करणाऱ्याने चार कृमी अल्कोहोलमध्ये टाकले, तरच काही हाती लागते.

काही वर्षांपूर्वी अशी एक बाटली माझ्याकडे आली. आत सहा गोलकृमी होते, नर-मादी दोन्ही, उत्तम स्थितीत. सोबतची चिठ्ठी शाईच्या पेनाने लिहिलेली होती आणि शाई अल्कोहोलमध्ये विरघळून गेली होती. प्राण्याचे नाव वाचता येईना. गावाच्या नावातली शेवटची ‘पूर’ एवढी अक्षरे शिल्लक होती. चंद्रपूर, नागपूर की बल्लारपूर, कोण सांगणार? बाटली अजून कपाटात आहे. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो की आतली चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा.